ठकुबाईच्या कोंबड्या

देवळाली प्रवरेपासून राहुरीपर्यंत निम्म्या घरांच्या खिडक्यांना माझ्या हातचं ग्रिल आहे. आसारामचं वेल्डिंग सुटत नाही, असं लोक म्हणतात आणि खरंच सुटत नाही. पूर्वी हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता कुणी म्हणालं की मी विषय बदलतो. का बदलतो, ते सांगायचं तर आधी माझ्या चुलतीचं, बनुबाईचं सांगावं लागेल.

बनुकाकू सदुसष्ट वर्षांची. बुटकी, काळी, पाठीवर हात ठेवून चालणारी. तिची बोलायची हौस काय सांगावी! गाईशी बोलेल, चुलीशी बोलेल, भाकरी करपली तर भाकरीलाच चार शब्द सुनावेल. आमच्या वस्तीवर ती एकाच माणसाशी बोलत नव्हती, आणि ते माणूस म्हणजे तिची थोरली जाऊ, ठकुबाई. म्हणजे माझी आई.

त्याचं कारण असं. अकरा वर्षांपूर्वी चुलते वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, अग्नी मी दिला. तिरडी उचलताना माझी आई रडता रडता बोलून गेली, "पोटचं पोर असतं तर आज दुसऱ्याचं पोर पुढं करायची येळ आली नसती." तिच्या मनात वाईट नव्हतं, असं मी मानतो. पण आईचं तोंड म्हणजे उघडा नळ होता आणि वेळ ती तशी. काकूनं कपाळावरचा पदर नाकापर्यंत ओढला, आणि त्या दिवसापासून आईशी अबोला धरला. घरं एका अंगणात, समोरासमोर. मध्ये वीस पावलं. अकरा वर्षं ती वीस पावलं दोघींपैकी एकीनंही बोलत ओलांडली नाहीत.

पाच वर्षांमागं मी स्लॅबचं घर बांधलं, चकचकीत फरशी बसवली. आईच्या गावरान कोंबड्या पहिल्याच दिवशी त्या फरशीवर घाण करत स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि माझं डोकं फिरलं. ह्या घरात एक तर कोंबड्या राहतील नाहीतर मी, असं मी सांगून टाकलं. आई म्हणाली, तू कुठं जातोस बाबा, तुझ्या नावावर घर आहे. पण संध्याकाळी तिनं कोंबड्या डालग्याखाली झाकल्या आणि मला म्हणाली, तुझ्या काकूला विचारून ये, अर्धलीनं ठेवती का.

अर्धलीनं म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, आणि पुढं जी पिल्लं-अंडी होतील ती निम्मी निम्मी. आमच्याकडं शेळ्या अशा देतात, कोंबड्याही देतात. पण ज्यांची बोलचाल बंद त्या दोन जावांनी असा व्यवहार करावा, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मी वीस पावलं गेलो, विचारलं. काकूनं हातातलं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, ठेव म्हणावं, पण खुणा करून दे, पुढं कटकट नको. मग आईनं जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला आणि आपल्या प्रत्येक कोंबडीच्या पायात त्याची चिंधी बांधली. काकूच्या वाट्याच्या कोंबड्यांचे पाय मोकळे. ही खूण शेवटपर्यंत चालली.

कोंबड्या गेल्या आणि अंगणात एक नवीनच प्रकार सुरू झाला. दिवेलागणीच्या आधी काकू त्यांना खुराड्यात घालताना मोठ्यानं मोजायची. एऽक, दोऽन, तीऽन. तोंड आमच्या खिडकीकडं. आत आई भाजी निवडायची थांबायची आणि आकडा पुरा झाला की पुन्हा हात चालायला लागायचे. एखादी कमी भरली तर काकू आभाळाला विचारायची, तुरेवाली कुठं राहिली गं बाई. की आई मला म्हणायची, आसा, गोठ्यामागं बघ म्हणावं. आणि मी, चाळिशी पार केलेला माणूस, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये निरोप्यासारखा उभा. लई वेळा वाटायचं, ओरडून सांगावं, बोला की आता एकमेकींशी. नाही सांगितलं. बायको म्हणाली, बोलतायत तशा बोलू द्या.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आई न्हाणीघरातून येताना घसरली. माझ्याच फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं, वय चौऱ्याहत्तर, ती पुन्हा उठली नाही. मी तिची कॉट खिडकीशी लावून दिली. तिथून तिला अंगण दिसायचं, काकूचं दार दिसायचं आणि दिवसभर उकरणाऱ्या कोंबड्या दिसायच्या. तेवढंच तिचं जग राहिलं होतं. संध्याकाळी मी दुकानातून आलो की पाणी मागायच्या आधी विचारायची, आल्या का सगळ्या?

आमच्या चारी बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. आता आमच्याकडं बिबट्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. फेब्रुवारीत त्यानं काकूचं दगडमातीचं खुराडं एका फटक्यात फोडलं आणि तीन कोंबड्या नेल्या. त्यानंतर काकू कोंबड्या रात्री घरात घ्यायला लागली. एक खोली, त्यात तिची कॉट, चूल, आणि एकोणीस कोंबड्या. तिला खोकला लागला. आई रोज मला म्हणायची, आसा, कोंबड्यांचं काहीतरी बघ. मी रोज म्हणायचो, बघतो. गावाला ग्रिल करून देणारा मी, आणि माझ्या अंगणात बायका कोंबड्यांना पदराखाली घेऊन झोपतायत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुकानात गेटांची कामं होती, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे कोंबड्यांसाठी लोखंड घालवायचं माझ्या जिवावर यायचं.

शेवटी एप्रिल लागता लागता एका रविवारी बसलो कामाला. आठ बाय सहाचा पिंजरा. खाली दीड फूट चर खणून दगड-सिमेंट भरलं, म्हणजे कुत्रं-मुंगूस खालून उकरणार नाही. अँगलचा सांगाडा, चारी बाजूंना जाळी, वर पत्र्याचं छप्पर, आत बसायला आडव्या काठ्या. काम देखणं झालं होतं. आईनं खिडकीतून बघितलं आणि हात वर केला. काकूनं पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, आसाराम, तू गप बसलास की चांगलं काम करतोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूनं मला उठवून नेलं. बिबट्यानं जाळीतून पंजा घालून काठावर बसलेल्या एका कोंबडीचा पंख ओढून तोडला होता. कोंबडी आत मरून पडली होती आणि जाळी जशीच्या तशी होती. मला इतका राग आला की बस. राग बिबट्याचा नव्हता, मी जाळी लावून फसलो ह्याचा होता. त्याच दिवशी एका शेडचे उरलेले पत्रे आणले आणि चारी बाजूंनी खालपासून वरपर्यंत ठोकून काढले. वर फक्त चार बोटं फट ठेवली. दाराला कडी लावली आणि पलीकडच्या वस्तीवर मध्यंतरी कोंबड्यांची चोरी झाली होती म्हणून सात लिव्हरचं कुलूप घातलं. दोन चाव्या, एक काकूकडं, एक माझ्या गाडीत.

काकूनं पत्र्यावरून हात फिरवला. "आसाराम, वारा कुठून येनार ह्यात?"

मी म्हणालो, संध्याकाळी लावायचं, सकाळी उघडायचं, रात्री कसला वारा पाहिजे तुझ्या कोंबड्यांना? मी घरात आलो तर आईचं तेच. आता तिला कॉटवरून नुसता पत्रा दिसत होता.

"आसा, ह्याला खिडकी न्हाई ठिवली का रे?"

"कोंबड्यांना काय टीव्ही बघायचाय?" मी म्हणालो.

ह्या वाक्यावर आई हसली नाही. तिनं मान भिंतीकडं वळवली. नंतरचे आठ दिवस तिला कोंबड्या दिसल्याच नाहीत. सकाळी सुटल्या की त्या सावली शोधत मागं गोठ्याकडं जायच्या, आणि संध्याकाळी पत्र्याआड. राहिली ती फक्त काकूची मोजणी. आवाज आधीपेक्षा चढा लागायचा. सतरा, आन् घरातली खुडुक एक, अठरा. एक कोंबडी खुडुक झाली होती, तिला काकूनं आपल्या खोलीत पाटीत तेरा अंड्यांवर बसवलं होतं. अंड्यांत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला होता, वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत म्हणून. मी त्यालाही हसलो होतो.

नवव्या दिवशी पहाटे आई गेली, झोपेतच. माणसं जमली, रडारड झाली, दुपारी सगळं उरकलं. त्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना काकू अंगणात आली, पिंजऱ्याचं दार लावलं, आणि रोजच्यासारखं आमच्या खिडकीकडं तोंड करून मोजायला लागली. अठरापर्यंत मोजलं. बाहेर बसलेल्या पाहुण्यांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी आत आईच्या रिकाम्या कॉटशी बसलो होतो आणि तोंडात पंचा कोंबून रडलो.

दशक्रिया प्रवरासंगमला करायची ठरली, आईची तशी इच्छा होती. उन्हाच्या आधी उरकायचं म्हणून झुंजुमुंजू व्हायच्या आत गाड्या काढल्या. सगळी भावकी निघाली. जनावरांना पाणी दाखवायला शेजारचा कानिफनाथ तेवढा मागं राहिला. मी गाडी चालू केली आणि बघतो तर काकू पिंजऱ्याशी, कमरेची चंची सोडून चावी काढतेय. मी काच खाली करून ओरडलो, अंधारात सोडू नको, उसातून येईल तो, नऊ-दहाला परत येतोय आपण. तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग चावी परत चंचीत घातली आणि गाडीत येऊन बसली.

संगमावर आठला पिंड ठेवले. मी मुंडण करून, ओल्या पंच्यानं उघडा बसलेलो. नृसिंहगुरुजींनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. पलीकडच्या लोकांच्या पिंडाला पाच मिनिटांत कावळा शिवला, ते हात जोडून निघूनही गेले. आमच्या आईचा कावळा काही येईना. झाडावर दहा-बारा बसलेले, खाली एकही उतरत नव्हता.

ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत आहे की मग काय होतं. एकेक जण पुढं होऊन मयताला शब्द देतो. माझी बहीण म्हणाली, आई, दादाशी भांडणार नाही. मामा म्हणाला, आसारामच्या लेकीचं लग्न आम्ही सगळे मिळून करू. कुणी म्हणालं, आसाराम, तू काहीतरी सोड. सोडायला मला व्यसनच नाही. मी म्हणालो, राग सोडतो. कावळा हललासुद्धा नाही, त्यालाही पटलं नसावं. नऊ झाले, दहा झाले. वाळू तापली, माणसं पाय उचलून उचलून उभी राहायला लागली. अकरा झाले. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवतो आता, शास्त्रात आहे तसं. मी नाही म्हणालो. माझी आई गवताच्या कावळ्यानं फसायची नव्हती.

साडेअकराच्या पुढं बायकांच्या घोळक्यातून बनुकाकू बाहेर आली. चपला काढल्या, तापल्या वाळूतून अनवाणी पिंडापाशी गेली आणि पदर सावरून उभी राहिली. कुणाला काय होतंय ते कळेना. अकरा वर्षांत तिनं माझ्या आईचं नाव उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ठकुबाई," ती म्हणाली, "तुजा जीव कोंबड्यांत घुटमळतोय, मला ठावं हाय. कोंबड्या माज्यापाशी हायेत. आसारामनं लोखंडाचं घर करून दिलंय त्यास्नी. सगळ्या नीट हायेत. मी हाय तवर त्यास्नी काय हुयाचं न्हाई. आता जा तू."

ती दोन पावलं मागं सरली असेल नसेल, झाडावरून एक कावळा उतरला आणि सरळ पिंडावर बसला. मागून दुसरा. बायकांनी हुंदके फोडले. मी तर लहान मुलासारखा रडलो. मला वाटलं, आईही सुटली आणि ही अकरा वर्षंही सुटली.

जेवणखाण न करताच निघालो. पुढच्या सीटवर काकू, मागं बायको आणि मुलगी. मोबाईल गाडीतच राहिला होता. चार्जिंगला लावला तर कानिफनाथचे सात कॉल येऊन गेलेले. मी नेवाशाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, खाली उतरून फोन लावला. तो म्हणाला, नवापासून कोंबड्या पत्र्यावर धडका घेत होत्या, मी बादलीनं पाणी मारलं वरून, पण कुलूप होतं. मी म्हणालो, तोड की मग कुलूप, थांबलास कशाला? तो म्हणाला, "मयताच्या घरचं कुलूप कसं तोडू, आसाराम? आन् आता तोडून काय करू? आवाज बंद हून तास झाला."

मी गाडीत येऊन बसलो. काकूला सांगितलं नाही. सांगायची हिंमतच झाली नाही. आणि त्या रस्त्यावर ती बोलत होती, माझ्या आईबद्दल. अकरा वर्षांचं साठलेलं सगळं बोलत होती. दोघी नव्यानं नांदायला आल्या तेव्हा एकाच पाटीत धुणं घेऊन कॅनॉलवर जायच्या. आईला उसातल्या कोल्ह्याची भीती वाटायची म्हणून काकू पुढं चालायची. एकदा दोघींनी सासूच्या चोरून अंडी उकडून खाल्ली आणि टरफलं शेणात पुरली. काकू हसत होती. मागं माझी बायकोही हसली. मी स्टेअरिंग धरून समोर बघत होतो, आणि मला वाटत होतं की हा रस्ता संपूच नये.

पोहोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. काकूनं गाडीतूनच पिंजऱ्याकडं पाहिलं. एकही आवाज नाही. कानिफनाथ रिकामी बादली घेऊन खाली मान घालून उभा. ती उतरली, चंची सोडली. कुलूप इतकं तापलं होतं की तिला ते पदरात धरून उघडावं लागलं. दार ओढल्याबरोबर भट्टीसारखी झळ बाहेर आली.

सगळ्या दाराशीच होत्या. दाराखाली बोटभर फट होती, तिथं चोची लावून एकीवर एक पडलेल्या.

काकूनं एकेक कोंबडी उचलून बाहेर आणली आणि कडुनिंबाच्या सावलीत ठेवली. मला हात लावू दिला नाही. हिरव्या चिंधीच्या एका बाजूला, मोकळ्या पायाच्या दुसऱ्या बाजूला. नऊ आणि आठ. मग ती तिथंच मातीत बसली. मी वाट बघत होतो की ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पत्रे कुणी मारले, कुलूप कुणी आणलं, सकाळी गाडीतून कोण ओरडलं, हे सगळं तिला माहीत होतं.

"आसाराम," ती म्हणाली, "अकरा वर्सांनी तिच्यासंगं बोलले. आन् ते बी खोटं बोलले."

माझा राग मग कानिफनाथवर निघाला. सात फोन करतोस आणि एक कुलूप तोडत नाहीस, असं मी त्याला नको नको ते बोललो. सकाळीच राग सोडल्याचा शब्द दिला होता, तो असा दुपारपर्यंत टिकला. बिचारा ऐकून घेऊन गेला. नंतर गावात चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, आसारामनं तंदूर भट्टी चांगली बनवली. मी चहाचा ग्लास तसाच ठेवून उठलो. मारामारी केली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता.

तेराव्याला काकू जेवायला आली नाही, अंग दुखतंय असा निरोप आला. संध्याकाळची मोजणी बंद झाली. मोजायला होतं तरी काय? पाटीतली खुडुक तेवढी वाचली होती, जाड मातीच्या भिंतींच्या गार खोलीत होती म्हणून. तिच्या पायात हिरवी चिंधी होती. चार-पाच दिवसांनी तिनं तेरातली नऊ पिल्लं काढली. खिळा आणि कोळसा होता तिथंच होता. मी बघायला गेलो तेव्हा काकूनं पाटीवर डालगं झाकलं आणि चुलीकडं वळली. चुलीशीही ती हल्ली बोलत नव्हती. सगळ्या वस्तीशी बोलणारी बाई मुकी झाली, आणि ते माझ्या हातून झालं.

मे महिन्यात मी ग्राइंडर घेऊन पिंजऱ्यापाशी बसलो आणि चारी बाजूंचे पत्रे कापून काढले. दुहेरी जाळी लावली, बाहेर एक आणि हातभर आत दुसरी, म्हणजे पंजा घातला तरी कोंबडीपर्यंत पोचत नाही. हे आधीही सुचलं असतं, डोकं थंड ठेवलं असतं तर. छपरावर उसाच्या पाचटाचा जाड थर दिला. कुलपाचा कोयंडा कापून टाकला आणि अंगठ्यानं दाबून उघडायचा खटका बसवला, जो जनावराला जमत नाही पण कुठल्याही माणसाला उघडता येतो. कानिफनाथला बोलावून उघडून बघायला लावला. त्यानं दोनदा उघडला, लावला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. काकू तिच्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. पावसाळा सरत आला, पिल्लं मोठी झाली, दोन घारीनं नेली, आणि कोंबड्या रात्री तिच्या खोलीतच. पिंजरा रिकामा. बायको म्हणाली, सरपण तरी ठेवू त्यात. मी तिच्यावर खेकसलो.

पहिल्या वर्षी पित्तर घालत नाहीत, असं कुणी म्हणतं. आमच्यात पितृपक्षातल्या भरणीला घालतात. बायकोनं खीर, वडे, भाजी-भात केला. मी पान घेऊन स्लॅबवर निघालो होतो, तेवढ्यात काकू समोरून आली. दशक्रियेनंतर पहिल्यांदा आमच्या दारात. म्हणाली, पान माझ्याकडं दे. मी दिलं. ते घेऊन ती पिंजऱ्यापाशी गेली, टाचा उंचावून पाचटाच्या छपरावर पान ठेवलं, आणि हात जोडले.

"ठकुबाई, ऐक. घाटावर म्या सांगितलं ते खरं न्हवतं. मी बोलत हुते तवा त्या मरत हुत्या. उन्हानं, कुलपात. नऊ तुज्या, आठ माज्या. चावी माज्या कमरंला हुती. आता तुजी एक हाय आन् तिची सात. तुला राग आला आसंल तर नको यिऊस."

मला राहवलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "आई, दुसरी चावी माझ्या गाडीत होती," मी म्हणालो. "आणि पत्रे मी मारले. तू खिडकी मागत होतीस."

आम्ही दोघं वाट बघत उभे. पितृपक्षात गावभर पानं मांडलेली, कावळ्यांची पोटं भरलेली, आमच्याकडं कोण येतंय? एवढ्यात ती हिरव्या चिंधीवाली कोंबडी गोठ्यामागून आली, भिंतीच्या दगडावर चढली, तिथून फडफडत छपरावर गेली आणि सरळ पानातल्या खिरीत चोच घातली. पितरांचं पान ते. मी हुसकायला हात उचलला, तर काकूनं माझं मनगट धरलं.

"खाऊ दी," ती म्हणाली. "तिचीच हाय ती."

कोंबडीनं निम्मं पान विस्कटलं. सातही पिल्लं खाली सांडलेला भात टिपत होती. काकू ते सगळं खाऊन होईपर्यंत उभी होती.

त्या संध्याकाळी मी आईच्या खोलीत बसलो होतो. एप्रिलपासून ती खिडकी बंदच होती. बाहेर खटका दाबल्याचा आवाज आला, आणि मग काकूचा, थोडा बसलेला. एऽक. दोऽन. तीऽन. मी उठलो आणि खिडकी उघडली.